प्रॉम्प्टरचं पान

"नाक्यावरच्या त्या काळ्या फळ्याला हात लावू नको हां, पोरी. लिहायचंच काही असलं तर आधी मला विचार," असं सालोमीमावशीने संपदाला अगदी स्पष्ट सांगितलं होतं. संपदाने "हो, हो" म्हटलंही होतं. पण नेमकी तेव्हाच तिची अडीच वर्षांची उन्नती मावशीच्या कोंबड्यांच्या पाण्यात बुडवलेला हात तोंडाकडे नेत होती, आणि अशा वेळी साक्षात यमाने येऊन काही सांगितलं असतं तरी संपदा "हो, हो" एवढंच म्हणाली असती.

गिरीज गावाच्या कडेला उठलेल्या नव्या बिल्डिंगमध्ये संपदाचं बिऱ्हाड येऊन आठ महिने झाले होते. नवरा जितेश उजाडायच्या आत मुंबईला जायचा आणि उन्नती झोपल्यावर परतायचा. मधल्या वेळात घरात संपदा, उन्नती आणि उन्नतीला होऊ शकणाऱ्या सगळ्या गोष्टी अशा तिघी असायच्या. सदऱ्याचं बटण, शेंगदाणा, गॅलरीचा गज, शेजारची मांजर. सालोमीमावशीची केळीची वाडी बिल्डिंगला लागूनच होती आणि वाडीच्या पलीकडे बावखल, म्हणजे हिरव्या पाण्याचं भलंमोठं तळं, तेही कठड्याशिवाय. संपदा त्या बाजूला गेलीच तर ओढणीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला आणि दुसरं उन्नतीच्या कमरेला बांधायची. गावात तिला नावाने ओळखणारे थोडे होते. "पोरीला बांधून फिरवते ती" म्हटलं की मात्र सगळ्यांना कळायचं.

फळ्याचं म्हणाल तर तिने तो दोन-तीनदा वाचला होता. "सांतान. आज चार वाजता. चर्च." पुढच्या महिन्यात, "मोनिकाबाय. उद्या दहा वाजता. चर्च." बस, एवढंच.

"गाव बरंच सांस्कृतिक आहे हं," तिने जितेशला सांगितलं होतं. "दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा कार्यक्रम असतो."

"मग जाऊन ये की एखाद्याला," जितेश म्हणाला होता.

नशीब, त्या दिवशी उन्नतीला सर्दी होती.

तर गावच्या नाट्यमंडळाला त्या साली, म्हणजे नव्व्याण्णव साली, पन्नास वर्षं होत होती. त्याची स्मरणिका काढायची ठरली. मंडळाचे अध्यक्ष ॲन्सेल्म सर. निवृत्त हेडमास्तर, आणि त्याआधी आणि त्यानंतरही मंडळाचे कायमचे नायक. सत्तरी आली तरी मिशी काळीभोर, आणि "चहा घेणार का?" एवढं विचारलं तरी उत्तर देण्याआधी एक पाऊल पुढे टाकायचे. संपदा इतिहासात एम. ए. आहे असं कळल्यावर ते फाईल घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

"तुम्ही शिकलेल्या आहात, घरीच असता," ते म्हणाले.

यातलं दुसरं वाक्य संपदाला टोचलं, पण पहिलं इतकं सुखावून गेलं की तिने फाईल घेतली.

दीड महिना ती उन्नतीला ओढणीला बांधून घरोघर हिंडली. जुने राजे भेटले, सेनापती भेटले, साडी नेसून राणी झालेले आणि आता नातवंडं खेळवणारे दोन बाप्ये भेटले. प्रत्येकाने आपला फोटो दिला आणि प्रत्येकाच्या गोष्टीत कुठेतरी एक वाक्य हमखास आलं. "मग मी अडलो, आणि ऑगस्टीनने ओळ दिली."

हा ऑगस्टीन मात्र एकाही फोटोत नव्हता.

"कसा असेल?" सालोमीमावशी म्हणाली. "तो प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं विंगेत बसून दुसऱ्यांना ओळी पुरवल्या बाबाने. आवाज असा खणखणीत की आम्हाला पुढच्या बाकावर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. पयलं त्याचं, मग नटाचं. खरं सांगू? त्याचंच चांगलं वाटायचं."

ऑगस्टीनकाका राहायचे बावखलाच्या पलीकडे, एकटेच. बायको रोझलिन जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, मुलगा जॉन मस्कतला. संपदा ओढणीला डबल गाठ मारून तिथे पोचली तेव्हा ते ओटीवर सुकेळी, म्हणजे सोलून वाळवलेली केळी, उन्हात पसरत होते. बारीक अंगाचा, पाठीत थोडा वाकलेला माणूस. विंगेत बसून बसूनच वाकला असेल.

"माझ्यावर काय लिहिणार?" ते म्हणाले. "माझं स्वतःचं वाक्यच नाही एकही."

"पण काका, सगळे तुमचं नाव घेतात."

"घेतात, घेतात. इथे येत कोण नाय." त्यांनी एक सुकेळं उन्नतीच्या हातात दिलं. संपदाने ते काढून घेतलं, चार तुकडे केले, तपासले आणि परत दिले. काका बघत राहिले. मग अगदी सहज, केळ्यांकडे बघत विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "किती पानं असतात एका माणसाला?"

"एक."

"फोटोसकट?"

"हो. आहे का तुमचा एखादा?"

"कुठला? कॅमेरा नेहमी समोर, मी बाजूला." त्यांनी एक केळं उलटवून ठेवलं. "रोझलिन कायम म्हणायची, रोज संध्याकाळी जेवण टाकून जाता कुठे? नाटकाला म्हणता, पण नाटकात तर मला कधी दिसला नाहीत. तिला दाखवायला एक पान असतं ना, तर बरं झालं असतं. आता ती नाही. पण म्हणून काय झालं, पान ते पान."

तेवढ्यात उन्नतीने दुसरं, अख्खं सुकेळं तोंडात कोंबलं आणि संपदाला हळवं व्हायला वेळच मिळाला नाही.

पण ॲन्सेल्म सर पान द्यायला तयार होईनात.

"प्रॉम्प्टरवर पान?" एक पाऊल पुढे टाकून ते म्हणाले. "अहो, लोक काय म्हणतील? यांना पाठ नव्हतं, असं म्हणतील."

"पण सर, पाठ नव्हतंच ना? तुम्हीच सांगितलंत, तिसऱ्या अंकात—"

"ते मी तुम्हाला सांगितलं. गावाला नाही." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, असं करा. गावातल्या तीन माणसांच्या आठवणी आणा आणि एक फोटो आणा. बिनफोटोचं पान छापलं तर ती स्मरणिका कसली? सोमवारी सगळा मजकूर पापडी गावातल्या प्रेसमध्ये जायचाय. तोवर आणलंत तर देऊ."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. संपदा पुन्हा घरोघर हिंडली. जो तो म्हणे, "ऑगस्टीन? वा, वा! सांगू की निवांत." निवांत कधी, ते कुणी सांगेना. कुणाची पावाची गाडी यायची होती, कुणाची मुलगी बाळंतपणाला आली होती. रविवारी दुपारी, गाव चर्चमधल्या मिस्सेहून येऊन, जेवून आडवं झालं असताना, संपदाला फळा आठवला. एवढे कार्यक्रम त्यावर लागतात आणि लोक जातात. मग आपलाही लावू या की.

तिने खडू घेतला, उन्नतीच्या हातात दुसरा खडू लागू नये म्हणून डबा पर्समध्ये टाकला, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "ऑगस्टीन (प्रॉम्प्टर). आज पाच वाजता. त्यांच्या घरी. आठवणी सांगायला सर्वांनी यावे."

मग ती काकांकडे गेली. काकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. ओटीवर घरातल्या होत्या तेवढ्या खुर्च्या मांडून झाल्या.

"तुम्ही इथे मध्ये बसा, काका."

"नको गं. समोर बसलो तर लोक बोलायचे नाहीत, आणि मला घाम फुटेल. मी आपला पडद्यामागे, आतल्या खोलीत. सगळं झालं की बोलाव."

आता फळ्याचं सांगायलाच हवं. गिरीजमध्ये कुणी गेलं की त्याचं नाव त्या फळ्यावर चढतं. फक्त नाव, वेळ आणि जागा. "निधन" वगैरे लिहायची कुणाला गरज वाटत नाही, कारण फळा दुसऱ्या कशासाठी नाहीच. लग्नाची पत्रिका येते, नाटकाची रिक्षा फिरते. फळ्यावर नाव आलं की माणूस गेला, हे गावातल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक. माहीत नव्हतं ते इतिहासात एम. ए. झालेल्या एकट्या संपदाला.

दुपारची झोप झटकून गाव नाक्यावर आलं आणि थबकलं.

"अरे देवा! ऑगस्टीन? सकाळी मिस्सेला तर माझ्या पुढच्या बाकावर होता!"

"असंच असतं, बाबा. सकाळी असतो माणूस."

"पण घरी? चर्चमध्ये का नाही?"

"फादरशी बिनसलं असेल. एकटा राहून राहून माणूस चमत्कारिक होतो."

"अक्षर कुणाचं?"

"त्या पोरीला बांधून फिरवते तिचं. तीच जात होती शेवटी शेवटी त्याच्याकडे. आपण कोण गेलो?"

सगळे घाईघाईने कपाटातून काळे-पांढरे कपडे काढायला घरी गेले.

पाच वाजले आणि संपदाला आपले डोळे खरे वाटेनात. बावखलाच्या कडेने माणसांची रांग लागली होती. शंभर तरी असतील. बायका काळ्या साड्यांत, हातात मेणबत्त्या आणि वाडीतली ताजी फुलं. पहिली आली ती खाडीकडची कृष्णाबाई. नाक्यावर भाजी विकणारी, आणि मंडळाच्या एकूण एक नाटकाला पहिल्या रांगेत बसणारी. ती आली, संपदाच्या गळ्यात पडली आणि हुंदके द्यायला लागली.

'नाटकातली माणसं,' संपदाला वाटलं, 'किती हळवी असतात!'

"आत आहे?" कृष्णाबाईने पदराने डोळे पुसत विचारलं.

"हो, आत पडलेत. पण आधी तुम्ही सगळे बोला. मग त्यांना बाहेर आणू."

"आनतीलच ना आता," कृष्णाबाई म्हणाली आणि पुन्हा रडली.

मग बस्त्याव आला. पापडीला शवपेट्या करायचा. त्याच्या खांद्यावर मापाची टेप होती. "उंची किती असेल अंदाजे?" त्याने हळूच विचारलं.

"पाच-साडेपाच," संपदा म्हणाली. सदरा शिवून देणार असेल, असं समजून ती आणखी भारावली.

त्याच्यामागे फोटोग्राफर. गिरीजमध्ये पेटीभोवती घरच्यादारच्यांचा शेवटचा फोटो काढायची रीत आहे, म्हणून ॲन्सेल्म सरांनी त्याला स्कूटरवर घालून आणलं होतं. सर स्वतः झेंडूचं भलंमोठं पुष्पचक्र घेऊन आले.

"सर! फोटोग्राफरसुद्धा! मला वाटलं होतं तुम्हाला पान द्यायचंच नाहीये."

सरांचा आवाज कापला. "लाजवू नका. आता काय पान, आता अख्खी स्मरणिका त्याला अर्पण करू."

संपदा वही उघडून बसली. तिला तीन आठवणी हव्या होत्या, इथे लोक रांगेत उभे होते.

"पेट्रोमॅक्स इझला एकदा," कृष्णाबाई सांगू लागली. "पार काळोख. नट पळाले. पन ऑगस्टीन हलला नाय. काळोखात आख्खा नाटक एकटा बोलला, राजाचा पन आनि रानीचा पन. आमी रेडिओसारखा ऐकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्यालाच, पन काळोखात त्याला कोन दिसला?"

मग इनास उठला. केळ्यांचा व्यापारी, धिप्पाड माणूस. "माझ्या लग्नात फादरने विचारलं, 'हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का?' आणि माझी बोबडी वळली. सगळं चर्च गप्प. बायको बघते, सासरा बघतो. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, 'होय, स्वीकारतो.' मी म्हटलं, 'होय, स्वीकारतो.' पंचवीस वर्षांचा संसार झाला, तो या माणसाच्या जिवावर!" असं म्हणून इनास ढसढसा रडला. त्याची बायकोही रडली, ती नेमकी कशासाठी ते कळलं नाही.

पडद्यामागे ऑगस्टीनकाकांचा रुमाल भिजून गेला होता. आपल्यासाठी गाव इतकं रडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शेवटी ॲन्सेल्म सर उठले. एक पाऊल पुढे आले. "मित्रहो," ते म्हणाले, आणि पुढे स्वतःचे शब्द सुचेनात म्हणून त्यांनी आपल्या गाजलेल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातला उतारा उचलला. "दिवा विझला, प्रधानजी! दरबार ओस पडला! पण या दरबाराचा उजेड... या दरबाराचा उजेड..."

सर अडले. जिथे चाळीस वर्षं अडत होते, तिथेच अडले.

"...तेलाचा नव्हता, प्रधानजी, माणसाचा होता!" पडद्याआडून खणखणीत ओळ आली.

"तेलाचा नव्हता, प्रधानजी, माणसाचा होता!" सरांनी सवयीने ती उचलली आणि हात वर केला. "आणि तो माणूस..."

"...अजून गेलेला नाही! आणि डावीकडे वळ, ॲन्सेल्म. दर वेळी उजवीकडे वळतोस."

"आणि तो माणूस अजून गेलेला—" म्हणत सर डावीकडे वळले, आणि मग तसेच थिजले.

सालोमीमावशीच्या हातातली मेणबत्ती पडली. "येशू रे, मारिये!" ती किंचाळली. इनास खुर्चीसकट मागे गेला. पडदा बाजूला झाला आणि ऑगस्टीनकाका डोळे पुसत बाहेर आले.

"सॉरी हां," ते म्हणाले. "मध्ये बोललो. पण तो अडला, मला राहवेना."

पुढची पाच मिनिटं काय झालं ते संपदाला नीट आठवत नाही, कारण त्यात ती उन्नतीला छातीशी धरून उभी होती आणि सगळे एकाच वेळी तिच्यावर ओरडत होते.

"तू फळ्यावर लिहिलंस?"

"कार्यक्रम लागतात ना तिथे?"

"कसले कार्यक्रम? मयताचा फळा आहे तो!"

"मग ते सांतान... मोनिकाबाय..."

"पुरून आलो दोघांना!"

"सांगितलं होतं," सालोमीमावशी कपाळावर हात मारून म्हणाली. "मी हिला सांगितलं होतं! ही 'हो, हो' म्हणाली!"

रागावले नाहीत ते एकटे ऑगस्टीनकाका. ते कधीच खुर्चीत बसले होते आणि बस्त्यावला विचारत होते, "माप घ्यायला आलास? घे. फुकट का खेप?"

इतक्यात आतला फोन वाजला. ॲन्सेल्म सरांनी घाईघाईत मस्कतला कळवलं होतं. काकांनी उचलला.

"कोण, जॉन? रडतोस कशाला? ... अरे, मीच बोलतोय. ... मग दुसरं कोण बोलणार? ... नाही, नाही, अजून नाही. ... ये की, ये. मेलो म्हणून निघणार होतास, तर जिवंत आहे म्हणून ये."

आधी कृष्णाबाई हसली. मग इनास. मग सगळी ओटी इतकी हसली की बावखलाच्या पलीकडची बदकं ओरडायला लागली. हसले नाहीत फक्त ॲन्सेल्म सर. ते झेंडूच्या चक्राकडे बघत उभे होते.

"सर," संपदा चाचरत म्हणाली, "तीनहून जास्त आठवणी झाल्या."

"ऐकल्या मी." ते काकांकडे वळले, तेही डावीकडून. "पाठ नव्हतंच मला, ऑगस्टीन. आता गावानेही ऐकलं. लिहू दे तिला." मग हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "फोटोग्राफर! आलाच आहात तर काढा."

फोटोग्राफरला एकच पद्धत ठाऊक होती. त्याने सगळ्यांना दोन्ही बाजूंना उभं केलं, चक्र मागे टेकवलं, दोन मेणबत्त्या पुढे लावल्या आणि म्हणाला, "कुणी हसू नका." सगळे काळ्या कपड्यांत गंभीर उभे राहिले. मधोमध, जिथे पेटी असते तिथे, खुर्चीत ऑगस्टीनकाका, इस्त्रीच्या सदऱ्यात. हसले तेवढे तेच. त्यांचा तो नाटकातला पहिला फोटो.

सगळे पांगल्यावर संपदा खुर्च्या उचलू लागली. काका दाराशी उभे होते.

"मजा आली, पोरी," ते म्हणाले. "एक घोटाळा झाला मात्र. आता मी खरा गेलो आणि नाव फळ्यावर चढलं, तर कोण यायचं नाही. म्हणतील, असेल पडद्यामागे."

ते हसत म्हणाले. संपदा घरी आली, तिने भात लावला, उन्नतीच्या मुठीतून खडूचा तुकडा काढला, आणि तिला काकांचं बोलणं पुन्हा आठवलं. खरंच होतं ते. सुकेळ्यात, बटणात, बावखलात मरण बघायची सवय असलेल्या संपदाला एवढं कसं दिसलं नव्हतं? एकटा माणूस, वाडीच्या टोकाला, आणि त्याच्या मरणाची बातमी तिने आधीच वापरून टाकली होती.

ती पुन्हा नाक्यावर गेली, फळा ओल्या फडक्याने दोनदा पुसला आणि सालोमीमावशीच्या ओट्यावर बसून पान लिहायला घेतलं. या वेळी प्रत्येक ओळ आधी मावशीला वाचून दाखवली. स्मरणिकेत ते पान अकरावं आहे. वर तो फोटो, खाली आठवणी, आणि शेवटचा परिच्छेद असा:

"ऑगस्टीनकाका बावखलाच्या पलीकडे एकटेच राहतात. त्यांच्याबाबतीत फळ्यावर विश्वास ठेवू नये. चूक माझी आहे, पण निस्तरायला मला तुमची मदत लागेल. वाचकहो, त्या बाजूने जाल तेव्हा त्यांच्या दाराशी थांबा आणि मंडळाच्या कुठल्याही नाटकातली एक ओळ अर्धी म्हणा. येत नसेल तर 'दिवा विझला, प्रधानजी' म्हणा, ती सगळ्या गावाला येते. आतून पुढची ओळ आली तर काका ठीक आहेत, पुढे जा, किंवा आत जाऊन चहा प्या. ओळ आली नाही तर पुन्हा म्हणा, मोठ्याने. तरीही आली नाही तर दार ढकला. कडी लावायची नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. मी सकाळी जाते. संध्याकाळी तुमच्यापैकी कुणीतरी जा."